शांत आणि अचूक .२२ रायफल कशी निवडायची: आधी गोळी ठरवा, मग बंदूक

अमेरिकेत आलेल्या आपल्या मराठी मंडळींमधे हल्ली हा प्रश्न बराच ऐकू येतो, विशेषतः टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, ओहायो असल्या ठिकाणी जे स्थायिक झालेत त्यांच्यात, की सरावाला पण चालेल आणि सीझनला खारी-सशांच्या शिकारीला पण चालेल अशी एक छोट्या कॅलिबरची (म्हणजे नळीच्या आतल्या मापाची) रायफल हवी, आवाज कमी हवा, नेम चांगला बसायला हवा, कुठली घेऊ? आणि लगेच उत्तरं सुरू होतात, सीझेड घे, रुगर घे, टिका घे. माझं म्हणणं असं की प्रश्नच उलटा विचारला जातोय. रायफल शांत आहे की नाही हे ऐंशी टक्के गोळीवर ठरतं, आणि अचूक आहे की नाही हे निम्म्याच्या वर गोळीवर ठरतं. म्हणून आधी गोळी, मग ती गोळी ज्या रायफलीत नीट चालेल ती रायफल, मग स्कोप. त्याच क्रमाने सांगतो. पण त्याच्याही आधी एक रूक्ष विषय आहे, तो टाळून चालणार नाही.

पायरी शून्य: तुम्हाला बंदूक ठेवायची परवानगी आहे का

सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर फेडरल कायद्याने अडचण नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, लायसन्सवाल्या डीलरकडून रायफल घ्यायला वय १८ लागतं, काही राज्यांत त्यापेक्षा जास्त. पण एच-वन, एल-वन, एफ-वन असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर मुळात बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायलाच फेडरल बंदी आहे, आणि हे आपल्यातल्या कित्येकांना माहीत नसतं, मित्राची रायफल रेंजवर "जरा बघू" म्हणून हातात घेतात. या बंदीला एक ठळक अपवाद आहे, कुठल्याही राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. ते असेल तर घेता येते, डीलर त्याची प्रत मागतो. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, हे विसरायचं नाही. ईएडी कार्ड (काम करायचा परवाना) आहे म्हणजे चालतं असं गृहीत धरू नका, ग्रीन कार्डची फाईल आत असताना असल्या गोष्टीत चूक झाली तर किती महागात पडेल ते वेगळं सांगायला नको, इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा.

राज्याराज्यात फरक खूप आहेत. न्यू जर्सीत, म्हणजे जिथे आपली वस्ती सगळ्यात दाट, तिथे साधी एअर रायफलसुद्धा कायद्याने फायरआर्म धरतात आणि घेण्याआधी पोलिसांकडून आयडी कार्ड काढावं लागतं. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं. आणि शिकार करायची तर हंटर एज्युकेशनचा कोर्स. टेक्सासमधे २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तो लागतो, म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळ्यांना. कोर्स कंटाळवाणा वाटतो पण करा, कुंपणावरून बंदूक कशी पार करायची, दोघं जण चालत असतील तर कुणाची दिशा कुठली, हे तिथेच कळतं.

भारतात जाताना हे सगळं डोक्यातून काढून टाका. तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि .२२ ला शस्त्र परवाना लागतो. परवान्याशिवाय मिळते ती .१७७ ची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल, ती सुद्धा कागदी टार्गेटसाठी.

पायरी एक: कॅलिबर

उत्तर .२२ लाँग रायफल, म्हणजे .२२ एलआर. १८८७ पासून चालत आलेलं काडतूस आहे आणि अजून त्याला तोड नाही. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं माप) शिशाची गोळी, धक्का जवळपास नाही, आणि ऑलिंपिकमधे ५० मीटरला हेच वापरतात. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं ते याच काडतुसाने, आणि त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ किती असतं माहितीये? १०.४ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढं, पन्नास मीटरवर. तेव्हा ".२२ काय, पोरांची बंदूक" असं कुणी म्हणालं तर सोडून द्या.

बाकीचे पर्याय पटकन. .१७ एचएमआर २००२ साली आलं, भन्नाट सपाट जातं, १७ ग्रेनची गोळी अडीच हजार फूट प्रति सेकंदाच्या वर, शंभर यार्डांवर प्रेरी डॉग (बिळात राहणारं खारीसारखं जनावर) मारायला उत्तम. पण आवाज कडाक्याचा आणि खारीवर लागलं तर खायला फारसं उरत नाही. .२२ मॅग्नम मोठ्या प्राण्याला, रकून, कोल्ह्याला ठीक, तेही आवाज करतं आणि गोळ्या महाग. शांतता हा तुमचा पहिला निकष असेल तर दोन्ही बाद.

एअर रायफल मात्र खरा प्रतिस्पर्धी आहे. फेडरल कायद्याने ती फायरआर्म नाही, त्यामुळे व्हिसावाल्यांना पण बऱ्याच राज्यांत मोकळीक. चांगली .२२ ची पीसीपी (आधीच हवा दाबून भरलेली एअर रायफल) ३०-४० यार्डांवर खार आरामात घेते. पण त्यात पंप, टाकी, सील असं लटांबर येतं, थंडीवाऱ्यात तिची मर्यादा लवकर येते. हा लेख .२२ एलआरबद्दल आहे, एअर रायफलवर वेगळं लिहावं लागेल.

पायरी दोन: आवाज येतो कुठून

हे नीट समजून घ्या, कारण याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. .२२ चा आवाज तीन जागी तयार होतो. एक, नळीच्या तोंडाशी, दाबाखालचा गॅस एकदम बाहेर पडतो तो. दोन, गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गेली तर हवेत जो फटकारा बसतो तो, आणि हा गोळीबरोबर पुढे पुढे जातो, म्हणजे पूर्ण जंगलाला ऐकू जातो. तीन, बंदुकीच्या यंत्राचा खडखडाट.

दुसरा आवाज पूर्ण बंद करता येतो, फुकटात. आवाजाचा वेग २० अंश सेल्सियसला साधारण ११२५ फूट प्रति सेकंद. नेहमीची हाय व्हेलॉसिटी गोळी, समजा सीसीआय मिनी-मॅग, १२३५ वर निघते, म्हणजे फटकारा आलाच. त्याच कंपनीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी १०७० ची, म्हणजे फटकारा नाही. फरक इतका आहे की पहिल्यांदा ऐकणारा माणूस विचारतो बंदूक बदललीस का.

पण यात एक मेख आहे जी उन्हाळ्यात कळत नाही. आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो. ह्यूस्टनच्या ३५ अंशात तो ११५० च्या वर असतो, शून्य अंशाला १०८७ च्या आसपास आणि उणे दहाला १०६७. म्हणजे तीच १०७० ची गोळी मिशिगनच्या जानेवारीत अगदी काठावर येते आणि मधूनच एखादी फट्ट करते. थंडीत काडतुसातल्या दारूचा जोर पण थोडा कमी होतो त्यामुळे बहुतेक वेळा निभावतं, तरीपण उत्तरेकडच्या लोकांनी १०५० च्या आतली सबसॉनिक (आवाजाच्या वेगापेक्षा हळू) हॉलो पॉइंट (टोकाला खड्डा असलेली, लागल्यावर पसरणारी गोळी) शोधावी.

पहिला आवाज, नळीच्या तोंडाशी होणारा, तो नळीच्या लांबीवर. .२२ ची दारू पहिल्या सोळाएक इंचात जळून जाते, त्यापुढे नळीत नुसता गॅस पसरतो आणि दाब उतरत जातो. म्हणजे नळी जितकी लांब तितका तोंडाशी दाब कमी, तितका आवाज मऊ. १६ इंची आणि २४ इंची नळीत एकच सबसॉनिक गोळी वाजवून बघा, कानाला फरक कळतो. हल्ली सगळ्यांना आखूड नळीचं वेड आहे कारण पुढे सप्रेसर (आवाज दाबणारं नळकांडं) लावायचा असतो. सप्रेसर नसेल लावायचा तर आखूड नळी घेणं म्हणजे आवाज विकत घेणं.

सप्रेसरबद्दल एवढंच. बहुतेक राज्यांत कायदेशीर आहे, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई इथे नाही. पूर्वी २०० डॉलरचा फेडरल टॅक्स होता, १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला, पण बोटांचे ठसे, फोटो, नोंदणी, मंजुरी येईपर्यंत डीलरकडेच ठेवणं हे सगळं तसंच आहे. ऑनलाइन "क्लीनिंग किट" म्हणून जे स्वस्तातले नळकांडे विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका, सरळ फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. आणि सप्रेसर नसेल तर कानात प्लग हवेतच. उघड्या नळीची .२२ रायफल सुद्धा १४० डेसिबलच्या आसपास जाते, आणि आवाज मऊ वाटतो म्हणून कान वाचत नाहीत. पोरं बरोबर असतील तर त्यांना वरून कानांवर मफ पण घाला.

पायरी तीन: गोळी ठरवा

आता खरं काम. सरावाला आणि शिकारीला शक्यतो एकाच वेगाच्या गोळ्या निवडा, म्हणजे स्कोप परत परत फिरवावा लागत नाही. माझ्या मते सुरुवात अशी करावी: सरावाला ४० ग्रेनची सॉलिड स्टँडर्ड व्हेलॉसिटी, शिकारीला त्याच्या जवळच्या वेगाची सबसॉनिक हॉलो पॉइंट. सॉलिड गोळी खारीतून सुईसारखी आरपार जाते, डोक्यात लागली तर ठीक, नाहीतर प्राणी जखमी होऊन ढोलीत जाऊन मरतो, ते बघवत नाही. हॉलो पॉइंट तिथल्या तिथे काम करते.

४० ग्रेन १०५० ला म्हणजे साधारण ९८ फूट-पाउंड ऊर्जा. खार, ससा यांना भरपूर. कोयोटीला अपुरी, हरणाला तर नाहीच, टेक्सासमधे हरणावर कुठलंही रिमफायर (.२२ सारखं, ज्याच्या काठावर पिन आपटते ते काडतूस) वापरणं बेकायदा आहे आणि ते योग्यच आहे. रानडुकराबद्दल पण विचारतात लोक, डोक्यात मारली तर मरतो वगैरे, नका करू.

आता खूपच शांत गोळ्या, त्यांच्यात जरा सांभाळून. सीसीआयची क्वाएट ७१० फूट प्रति सेकंदाची आहे, लांब नळीतून एअर रायफलपेक्षा फार मोठा आवाज येत नाही, सरावाला मस्त. पण ऊर्जा ४५ फूट-पाउंडांवर येते, म्हणजे निम्मीसुद्धा नाही, आणि गोळी इतकी झपाट्याने खाली येते की पन्नास यार्डांवर अंदाज चुकतो. शिकारीला वापरायचीच तर पंचवीस यार्डांच्या आत आणि डोक्यावरच. आग्विलाची कोलिब्री म्हणून एक मिळते, तिच्यात दारूच नसते, नुसत्या प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या मसाल्यावर) चालते, ती रायफलीत घालूच नका, गोळी नळीत अडकू शकते आणि मागून दुसरी मारली तर नळी फुगते. तिच्याच कंपनीची ६० ग्रेनची सबसॉनिक येते, ऐकायला छान वाटतं जड गोळी शांत वेग, पण नेहमीच्या .२२ च्या नळीत गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ १६ इंचाला एक फेरा असतो, तेवढ्यात ती लांब गोळी स्थिर होत नाही, कागदावर आडवी छापते.

कॅलिफोर्नियावाल्यांची वेगळीच पंचाईत. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद, .२२ सुद्धा. मग उरते तांब्याची, सीसीआयची २१ ग्रेनची १८५० फूट प्रति सेकंदाची, म्हणजे शांततेचा प्रश्नच मिटला. तिकडे सरावाला शिशाची सबसॉनिक आणि शिकारीला तांब्याची, दोन वेगवेगळे झिरो (म्हणजे स्कोप ज्या अंतराला जुळवतो तो नेम), वहीत लिहून ठेवायचे.

एक गंमत सांगतो जी बऱ्याच जुन्या शिकाऱ्यांनाही पटत नाही. वाऱ्याने हळू गोळी जास्त सरकेल असं वाटतं ना? .२२ मधे उलटं होतं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर १०७० वाली शंभर यार्डांवर साधारण चार इंच सरकते आणि १२३५ वाली पाच इंचांच्या वर. कारण जोरात निघालेली गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपासच्या पट्ट्यातून जाताना हवेचा रेटा फार खाते, वेग भराभर गमावते, आणि वाऱ्याचं सरकणं त्या गमावलेल्या वेगावर ठरतं. म्हणजे शांत गोळी ही तडजोड नाहीये, ती जास्त अचूक पण आहे. मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या, महागड्या गोळ्या बहुतेक १०५० ते १०८५ मधे असतात त्या काय उगाच.

पायरी चार: आता रायफल

बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हाताने दांडा मागे-पुढे करायचा) की सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप चढते)? सबसॉनिक ठरलं की हे जवळपास आपोआप ठरतं. सेमी-ऑटोत गोळीच्याच जोरावर यंत्र मागे जातं, हळू गोळ्यांत ते कधी जातं कधी अडकतं, वरून लोखंडाचा खट्-खट् आवाज, आणि चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) उघडताना थोडा गॅस मागून निसटतो तो पण तोंडावर. बोल्टमधे गोळी सुटली की बाकी सगळं बंद, तुम्ही उघडाल तेव्हा उघडणार. शिवाय शिकाऊ माणसाला एका वेळी एकच गोळी मारायची सवय लागते, दहा गोळ्यांचा भुईमूग फोडत बसत नाही. रुगर १०/२२ मला पण आवडते, १९६४ पासून आहे, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, पण आपल्या या कामाला पहिली रायफल म्हणून बोल्टच. लिव्हर अॅक्शनवाली (ट्रिगरखालचा दांडा खाली-वर करून चालणारी) हेन्री देखणी आहे, मुलांना फार आवडते, स्कोप लावून बारीक नेमबाजी करायला मात्र तेवढी सोयीची नाही.

आता नावं. साडेतीनशे डॉलरच्या आत असेल बजेट तर सॅव्हेज मार्क टू, जड नळीची एफव्ही मिळाली तर उत्तम, ट्रिगर स्वतः हलका-जड करता येतो, दिसायला काही खास नाही आणि बोल्ट जरा खरबरीत, पण कागदावर छिद्रं जवळ जवळ पाडते. रुगर अमेरिकन रिमफायर थोडी वर, तिला १०/२२ चीच मॅगझिन चालतात ही मोठी सोय. त्याच्या पुढे सीझेड ४५७ आणि टिका टी-वन-एक्स, पाचशे ते सातशेच्या पट्ट्यात. टिकाचा बोल्ट लोण्यासारखा, पण नळी १६ किंवा २० इंची, म्हणजे ती सप्रेसरवाल्यांसाठी बनवलीये. सीझेड ४५७ २०१९ ला आली, बोल्ट फक्त ६० अंश वर उचलावा लागतो त्यामुळे स्कोप खाली बसवता येतो, ट्रिगर अॅडजस्ट होतो, नळी बदलता येते, आणि तिच्या अमेरिकन, लक्स या मॉडेलना २४.८ इंची नळी आहे. सप्रेसर न लावता सगळ्यात शांत बोल्ट रायफल हवी असेल तर माझं मत तिलाच. या किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, तेव्हा त्या अंदाज म्हणूनच धरा. वापरलेली जुनी सीझेड ४५२ कुठे पॉनशॉपमधे दिसली तर नळीचं तोंड तपासून उचला.

दुकानात गेलात की काय बघायचं: रायफल रिकामी आहे हे स्वतः बोल्ट उघडून, बोट घालून तपासा, विक्रेत्याने तपासली असली तरी. मग डोळे मिटून खांद्याला लावा, गाल स्टॉकवर टेकवा आणि डोळे उघडा. नजर स्कोपच्या मधोमध आली पाहिजे. मान लांब करावी लागत असेल किंवा गाल हवेत राहत असेल तर ती रायफल तुमची नाही, किंवा मग गालाखाली पॅड लावावा लागेल. आपल्याकडच्या पाच-सव्वापाच फुटी बायामाणसांना नेहमीचा साडेतेरा इंची स्टॉक लांब पडतो, अमेरिकन सहाफुट्यांच्या मापाने बनवलेला असतो तो. नवरा-बायको दोघं वापरणार असाल तर मधे पट्ट्या घालून लांबी कमी-जास्त होणारा स्टॉक बघा, नाहीतर छोट्या माणसाच्या मापाची घ्या, उंच माणूस आखूड स्टॉकवर निभावून नेतो, बुटका माणूस लांब स्टॉकवर नाही.

नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, तिथे एकही खरवड नको. गोळी शेवटी तिथूनच सुटते, तिथे एका बाजूने गॅस आधी निसटला की नेम गेला.

ट्रिगर रिकाम्या रायफलीवर दाबून बघायला परवानगी विचारा. रिमफायरमधे फायरिंग पिन काही जुन्या बंदुकांत थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ चेपतो, म्हणून विचारायचं. घरी सुक्या सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातले भिंतीत ठोकायचे पिवळे प्लॅस्टिक प्लग, ४-६ नंबरचे, बरोबर चेंबरमधे बसतात, शंभराचं पाकीट स्वस्तात येतं. त्याच्यावर रोज संध्याकाळी दहा मिनिटं ट्रिगर दाबायचा सराव केला तर रेंजवर दिसतं. फक्त त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पायरी पाच: स्कोप, आणि पॅरॅलॅक्स नावाचं भूत

बहुतेक लोक इथे फसतात. हरणाच्या रायफलीचा चांगला महाग स्कोप कपाटात असतो तो .२२ वर चढवतात आणि मग म्हणतात छिद्रं पसरतात. त्या स्कोपचा पॅरॅलॅक्स १०० किंवा १५० यार्डांवर जुळवलेला असतो. २५ यार्डांवर डोकं जरा इकडे तिकडे झालं की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो, तुम्हाला वाटतं हात हलला. .२२ साठी ५० यार्डांवर जुळवलेला रिमफायर स्कोप घ्या, किंवा ज्याचा पॅरॅलॅक्स फिरवून दहा-पंधरा यार्डांपर्यंत आणता येतो असा. पॉवर, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, ३ ते ९ किंवा ४ ते १२ पुरे. पानांच्या जाळीत खार शोधायला कमी पॉवरच बरी पडते, २४ पॉवरमधे नुसती साल दिसते.

सीझेडवर ११ मिलिमीटरचा डव्हटेल (स्कोपच्या रिंग अडकवायची खाच) असतो, त्याच्या रिंग वेगळ्या येतात, आपल्या रायफलीला कुठल्या लागतात ते घेताना विचारा. बसवताना स्कोप शक्य तितका खाली.

झिरो ५० यार्डांवर करा. १०७० च्या गोळीला २५ वर जवळपास तिथेच लागतं, ७५ वर साधारण दोन इंच खाली आणि १०० वर साडेसहा-सात इंच खाली. हे आकडे स्टॉकवर टेपने चिकटवा, पण आधी स्वतःच्या रायफलीवर मारून खात्री करा, स्कोपच्या उंचीने थोडं बदलतं.

पायरी सहा: गोळ्यांची परीक्षा

दोन एकसारख्या रायफली, एकाच दिवशी बनलेल्या, वेगवेगळ्या गोळ्या पसंत करतात. का, तर चेंबरचं माप, नळीच्या आतला गुळगुळीतपणा, गोळीवरचं मेण, सगळं सूक्ष्म फरकाचं. .२२ घरी परत भरता येत नाही, त्यामुळे तुमच्या हातात निवड एवढंच आहे. पाच-सहा प्रकारांची एकेक पेटी आणा, त्यात एसके आणि एली या कंपन्यांची एकेक असू द्या. वारा नसेल अशी सकाळ, पुढे बॅग मागे बॅग, ५० यार्ड. गोळी बदलली की पहिल्या दहा-पंधरा कुठेही मारा, आधीच्या गोळीचं मेण जाऊन नवीन बसायला तेवढं लागतं, हे न करता लोक निष्कर्ष काढतात. मग प्रत्येकी पाच गोळ्यांचे पाच गट, आणि प्रत्येक गटातली छिद्रं किती जवळ पडली ते मोजायचं. सगळ्यात चांगला गट फोटो काढण्यासाठी असतो, निर्णय पाचांच्या सरासरीवर घ्यायचा, आणि सगळ्यात वाईट गटाकडे पण बघायचं, कारण झाडाखाली तुमच्या नशिबी कुठला येईल सांगता येत नाही.

किती चांगलं म्हणजे पुरे? खारीचं डोकं म्हणजे साधारण इंच-सव्वा इंचाचं लक्ष्य. बेंचवरून ५० यार्डांवर अर्ध्या इंचाच्या आसपास गट पडत असेल तर झाडाला टेकून, धाप लागलेली असताना तुम्ही एक इंचात राहू शकता. बेंचवरच इंचाचा पडत असेल तर तुमचं अंतर ३०-३५ यार्डांवर आणा, त्यात काही कमीपणा नाही.

जी गोळी पसंत पडली तिच्या पेटीवर लॉट नंबर छापलेला असतो, त्याच नंबरच्या जमतील तेवढ्या घ्या. पुढच्या लॉटमधे तीच गोळी वेगळी वागू शकते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी साध्या गोळ्या दहा सेंटच्या आसपास पडतात, मॅचच्या सर्वोच्च गोळ्या तिप्पट-चौपट आणि त्याहून वर. शिकारीला तेवढं लागत नाही.

पायरी सात: सराव कशावर आणि मग रानात

बेंचवर बसून मारणं म्हणजे बंदुकीची परीक्षा, तुमची नाही. झोपून, बसून, गुडघ्यावर, उभ्याने मारायला शिका. ॲपलसीड नावाची दोन दिवसांची शिबिरं अमेरिकाभर होतात, २५ मीटरवर, .२२ घेऊन जायची, स्लिंग (रायफलीचा पट्टा) कसा वापरायचा आणि श्वास कुठे थांबवायचा हे ते लोक फार नीट शिकवतात, आणि इतिहास पण ऐकवतात तो ऐकून घ्यायचा. त्यांच्या परीक्षेत २५० पैकी २१० आले की रायफलमन म्हणतात.

शिकारीत सगळ्यात मोठा धोका खार झाडाच्या शेंड्यावर असते तेव्हा. गोळ्यांच्या पेटीवर लिहिलेलं असतं की गोळी दीड मैल जाते, आणि ते घाबरवायला लिहिलेलं नाही. आकाशाच्या दिशेने मारलेली गोळी कुठेतरी उतरतेच. म्हणून खार खोडाला चिकटलेली असेल, मागे जाड लाकूड असेल तेव्हाच मारायची, शेंड्यावर पारंबीसारखी लोंबकळत असेल तर थांबायचं. हळू शिशाची गोळी पाण्यावरून, गोठलेल्या जमिनीवरून उसळी पण फार घेते.

पूर्व टेक्सासमधे खारींची दिवसाची मर्यादा दहा आहे, पेनसिल्व्हेनियात सहा, बाकी ठिकाणी वेगळी, आणि सार्वजनिक जंगलात कुठली बंदूक चालते याचे नियम प्रत्येक जंगलाचे स्वतंत्र असतात, त्या वर्षीची पुस्तिका बघा. घराच्या बॅकयार्डात "शांत आहे ना" म्हणून वाजवणं बहुतेक गावांच्या हद्दीत गुन्हा आहे, शेजाऱ्याला ऐकू आलं नाही तरी.

शांत रायफलीचा रानात खरा फायदा असा होतो की एक खार पडल्यावर बाकीच्या दोन-चार मिनिटं दबकतात आणि परत हलायला लागतात. पडलेली उचलायला लगेच धावू नका, जागा लक्षात ठेवा आणि बसून राहा. नंतर साफ करताना हातमोजे घाला, सशाला तर नक्कीच. मटणासारखं चटकन शिजत नाही, म्हाताऱ्या खारीला कुकरच्या चांगल्या शिट्ट्या लागतात, मग सावजी करा नाहीतर काळ्या मसाल्यातलं.

साफसफाईचं एक शेवटचं. .२२ ची नळी रोज घासायची गरज नसते, उलट घासून घासून लोक क्राउन घालवतात. चेंबरच्या तोंडाशी मेण-काजळीची कडी साठते ती काढा, बोल्टचा चेहरा पुसा, नळीतून मागच्या बाजूने एक-दोन ओले आणि मग कोरडे कापडाचे तुकडे ओढा, आणि पुढच्या वेळी रेंजवर गेलात की झिरो बघायच्या आधी दहा-पंधरा गोळ्या परत मेण बसायला सोडून द्या. सीझनच्या आदल्या आठवड्यात साफ करू नका.